गेमिंगचा वेगळा आणि गाण्यांचा वेगळा हेडफोन कशाला?

या वेळी टपालात हेडफोनच हेडफोन आलेत. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून तोच, की गेमिंगसाठी घेतलेल्यावर गाणी नीट वाजतील का, किंवा उलटं. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे उगाच सस्पेन्स नको: खोक्यावर ‘गेमिंग’ लिहिल्याने आवाज सुधारत नाही, माइक मिळतो आणि बहुतेक वेळा लाइट मिळतात. चांगला हेडफोन दोन्हीकडे चालतो. कुठला चांगला, हे मात्र तुमच्या खोलीवर आणि तुम्ही तो कशात खोचताय त्यावर ठरतं.

प्रश्न: दादा, पुण्यात हॉस्टेलला आहे, एका रूममध्ये तिघं. रात्री व्हॅलोरंट (शूटिंग गेम) आणि बाकी दिवसभर गाणी, कोडिंग करताना पण. एक मित्र म्हणतो हायपरएक्स क्लाउड टू घे, दुसरा म्हणतो ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स, आणि यूट्यूबवर सगळे ओपन बॅक ओपन बॅक करतात. डोकं फिरलंय. — गोंधळलेला इंजिनिअर, पुणे

उत्तर: मित्रा, ब्रँड नंतर, आधी तुझी रूम बघ. ओपन बॅक म्हणजे ज्याच्या कपांना बाहेरून जाळी असते, ड्रायव्हरच्या, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरच्या, मागचा आवाज अडत नाही, सरळ बाहेर पडतो. त्यामुळे गाणं डोक्यात कोंबल्यासारखं वाटत नाही, मोकळं वाटतं, गेममध्ये शत्रूची पावलं कुठून येतायत ते बरं कळतं आणि कानही कमी तापतात. यूट्यूबवाले खोटं बोलत नाहीयेत, पण ते एकट्याच्या शांत खोलीत बसलेले असतात. तुझ्या रूमवर रात्री दोन वाजता तुझी सगळी फायरिंग रूममेटला ऐकू जाणार आणि त्याचं घोरणं तुला, वर पंख्याची घरघर आहेच. तेव्हा क्लोज्ड बॅक, म्हणजे बाहेरून बंद कपांचा. अर्धा प्रश्न इथेच मिटला.

आता क्लाउड टू की एम५०एक्स. क्लाउड टूला मी नावं ठेवणार नाही, गेमिंग हेडसेटमधला तो खरोखर बरा आहे, डोक्यावर हलका बसतो, माइक काढता येतो. आणि गंमत माहितीये का, २०१४ साली आलेला पहिला हायपरएक्स क्लाउड हा टाकस्टार प्रो ८० नावाच्या एका चिनी मॉनिटर हेडफोनवर बेतलेला होता. म्हणजे गेमर लोकांचा लाडका हेडसेट मुळात गाणी ऐकायच्या, मिक्सिंग करायच्या हेडफोनचाच नातेवाईक. त्याला माइक जोडला आणि नाव बदललं.

एम५०एक्स मजबूत आहे, केबल बदलता येते, घडी होते, पण त्याचा बेस (खालचा, घुमणारा आवाज) आणि ट्रेबल (वरचा, टोकदार आवाज) दोन्ही जरा उचललेले आहेत. पहिल्या दहा मिनिटांत भारी वाटतो म्हणून दुकानात लगेच आवडतो. त्याचाच धाकटा भाऊ एम४०एक्स जास्त सपाट वाजतो, मधला भाग, म्हणजे माणसाचा आवाज, स्वच्छ येतो, आणि तो स्वस्तही आहे. मला विचारशील तर एम४०एक्स घे. गेमसाठी पण हेच बरं, कारण बेस जास्त असला की स्फोटांच्या धडामधुडूममध्ये बारीक आवाज झाकले जातात आणि पावलं नेमकी तिथेच हरवतात. ‘डीप बेस फॉर गेमिंग’ हे जे खोक्यावर लिहितात ना, ते गेम जिंकायला नाही, फक्त थरथर जाणवायला.

कमी एकच, माइक नाही. एम४०एक्सच्या कपावर केबलचं तोंड २.५ एमएमचं आणि फिरवून लॉक होणारं आहे, त्यामुळे ते ३.५वाले बूम माइक त्यात बसत नाहीत, तुला कपावर चिकटवायचा माइक घ्यावा लागेल. टेबलावर ठेवायचा यूएसबी माइक नको, हॉस्टेलमध्ये पंखा, दार, कॉरिडॉरमधली भांडणं सगळं टीमला ऐकवशील. माइक तोंडाजवळ असला की गेन (माइकने आवाज किती उचलायचा ते) कमी ठेवता येतो आणि मागचा कचरा कमी येतो, इतकं साधं आहे. आणि लॅपटॉपला एकच जॅक असेल तर हेडफोन-माइक वेगळे करणारा वाय स्प्लिटर घ्यायला विसरू नको, नाहीतर मग मलाच दुसरं पत्र पाठवशील. हे सगळं झंझट नको असेल आणि दिवसातला निम्मा वेळ डिस्कॉर्डवर बोलण्यात जात असेल तर सरळ क्लाउड टू घे, पाप लागत नाही.

आणखी एक, चष्मा असेल तर दुकानात चष्मा घालूनच ट्राय कर. काडीमुळे उशीला फट पडते आणि क्लोज्ड हेडफोनचा बेस तिथनं पळून जातो. लोक मग हेडफोनला शिव्या घालतात.

प्रश्न: माझ्याकडे चांगले महागाचे नॉइज कॅन्सलिंग ब्लूटूथ हेडफोन आहेत. गाणी मस्त वाजतात, सिरीज बघताना काही प्रॉब्लेम नाही. पण बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये आवाज उशिरा येतो आणि टीमशी बोलायला माइक चालू केला की आवाज एकदम जुन्या लँडलाइनसारखा होतो. पीस खराब आलाय का? — स्नायपर, सातारा

उत्तर: पीस ठीक आहे, ब्लूटूथ असंच आहे. साध्या एसबीसी किंवा एएसी कोडेकवर (कोडेक म्हणजे ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायची पद्धत) आवाज साधारण १५० ते ३०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. सिरीज बघताना कळत नाही कारण ॲपला आवाज उशिरा येणार हे माहीत असतं, ते चित्रही तेवढंच मागे ठेवतं. गेमला ते जमत नाही, तू बोट दाबलंस की स्क्रीनवर लगेच काहीतरी व्हायला पाहिजे, मग चित्र वेळेवर येतं आणि आवाज मागनं धावत येतो. पाव सेकंदात समोरचा कोपरा ओलांडून आलेला असतो. एलडॅक या जास्त क्वालिटीच्या कोडेकने सुटेल असंही समजू नकोस, तो ९९० केबीपीएसपर्यंत जातो, गाण्यांची क्वालिटी वाढते, उशीर कमी होत नाही.

माइकचं दुखणं वेगळं. गाणी ऐकताना ब्लूटूथ एका प्रोफाइलवर चालतं, माइक लागला की ते कॉलच्या प्रोफाइलवर उडी मारतं, तिथे आवाज मोनो (दोन्ही कानांत एकच) होतो आणि वरच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी कापल्या जातात. एलई ऑडिओ नावाच्या नव्या पद्धतीत हे बरंच सुधारलंय, पण त्यासाठी फोन आणि हेडफोन दोघांनाही ते यायला हवं. तोवर तुझ्या हेडफोनला ३.५चं भोक आहे का बघ, बऱ्याच नॉइज कॅन्सलिंगवाल्यांना असतं, केबल लावली की उशीर संपला. फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा डोंगल येतो. वायरलेसच पाहिजे असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा यूएसबी डोंगल असलेला हेडसेट, त्यात उशीर इतका कमी असतो की खेळताना जाणवत नाही. नुसतं ब्लूटूथ आणि त्यावर ‘गेमिंग मोड’ असं बटण, हे अर्धवट औषध आहे, फरक पडतो पण वायरची सर नाही.

प्रश्न: सेव्हन पॉइंट वन सराउंड हेडसेट आणि साधा स्टिरिओ हेडफोन यात गेमसाठी सराउंडच घ्यायला हवा ना? त्यात आठ स्पीकर असतात म्हणे. — आर. के., नाशिक

उत्तर: असतात कुठे? उघडून बघा (नको, वॉरंटी जाईल). जवळजवळ सगळ्या ७.१ हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर असतो, बाकीचे सहा सॉफ्टवेअरमध्ये.

पण सॉफ्टवेअरमध्ये असणं म्हणजे फसवणूक असंही नाही. तुम्हाला दोनच कान आहेत आणि मागून कुणी हाक मारली तर कळतंच की. डावीकडचा आवाज उजव्या कानाला जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास उशिरा पोचतो, डोकं मध्ये आल्याने थोडा बारीकही होतो, आणि कानाच्या पाळीच्या घड्यांमुळे पुढचा, मागचा, वरचा आवाज वेगवेगळा रंगतो. मेंदू याच्यावरून दिशा काढतो. हेच हिशेब सॉफ्टवेअरने आवाजावर करायचे याला एचआरटीएफ म्हणतात आणि ते कुठल्याही साध्या स्टिरिओ हेडफोनवर चालतं.

मुद्दा असा की हे काम कोण चांगलं करतं. गेमला शत्रू नेमका कुठे उभा आहे, किती वर आहे, मध्ये भिंत आहे का, सगळं माहीत असतं. हेडसेटच्या डोंगलला फक्त तयार झालेला आवाज मिळतो, तो बिचारा अंदाजाने पसरवतो. म्हणून गेममध्येच एचआरटीएफ असेल तर तोच वापरा. व्हॅलोरंटमध्ये २०२१पासून आहे, ऑडिओ सेटिंगमध्ये सापडेल, काउंटर-स्ट्राइक टूमध्येही आहे, पीएस फाइव्हमध्ये याच कामाचं टेम्पेस्ट थ्रीडी आहे आणि ते कंट्रोलरच्या जॅकमध्ये खोचलेल्या कुठल्याही हेडफोनवर चालतं. आणि गेमचा चालू असला की बाकी सगळं बंद, हेडसेटचा ७.१ बंद, विंडोजचं स्वतःचं सराउंड म्हणजे विंडोज सोनिक बंद, डॉल्बी बंद. दोन्ही एकदम लावले की आधीच दिशा दिलेल्या आवाजाला परत दिशा दिली जाते आणि सगळं चिखल होतं, बाथरूममध्ये खेळल्यासारखं. हेडसेट खराब आहे असं लिहिणाऱ्या निम्म्या लोकांचं हेच झालेलं असतं. ज्या गेममध्ये स्वतःचं काही नाही तिथे विंडोज सोनिक फुकट आहे, लावून बघा. गाण्यांना मात्र नको, गाणं बहुतेक वेळा स्टिरिओतच मिक्स केलेलं असतं.

प्रश्न: माझी स्वतःची खोली आहे, शांत आहे, त्यामुळे ओपन बॅकच घेणार हे नक्की. बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो २५० ओहम आणि सेनहायझर एचडी ५६०एस यात अडकलोय. पीसीवर गेम आणि रॉक, थोडं मेटल. वेगळा ॲम्प (ॲम्प्लिफायर) घ्यावाच लागेल का? सगळीकडे वेगवेगळं लिहिलंय. — ओहम ओहम, कोल्हापूर

उत्तर: टोपणनाव आवडलं. आधी ॲम्पचं. ओहम, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो ते, बघून लोक घाबरतात पण नुसत्या ओहमवरून काही ठरत नाही, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच विजेत तो किती मोठा वाजतो ते, सोबत बघावी लागते. डीटी ९९०ची २५० ओहमवाली आवृत्ती एका मिलिवॅटला ९६ डेसिबल देते असं कंपनी सांगते. २५० ओहमला एक मिलिवॅट म्हणजे अर्धा व्होल्ट. म्हणजे ज्या जॅकमधून एक व्होल्ट निघतो तिथे हा १०२ डेसिबलपर्यंत जाईल, आणि तेवढ्यावर गाणी ऐकायची नसतात, ते फक्त मधल्या ठोक्यांसाठी शिल्लक लागतं. एचडी ५६०एस १२० ओहमचा आहे आणि एका व्होल्टला ११० डेसिबल देतो, म्हणजे तेवढ्याच जॅकवर तो बराच मोठा वाजतो. बऱ्याचशा पीसी मदरबोर्डवर हा दुसरा काही न जोडता आरामात चालेल. म्हणून माझी पद्धत साधी आहे, हेडफोन आण, पीसीला लाव, नेहमीच्या गाण्याला व्हॉल्यूम साठ-सत्तर टक्क्यांवर पुरेसा होत असेल तर ॲम्पचे पैसे वाचले. शंभरावर नेऊनही आणखी पाहिजे वाटलं तरच घे. ॲम्पने हेडफोन ‘खुलतो’ वगैरे जे म्हणतात त्यातलं बरंचसं म्हणजे आवाज थोडा मोठा झाला म्हणून चांगला वाटला.

एका कारणासाठी मात्र बाहेरचा यूएसबी डॅक (पीसीचा डिजिटल आवाज हेडफोनसाठी बदलून देणारी छोटी डबी) घेतलेला बरा, तो म्हणजे खरखर. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये माउस हलवला की सूंऽऽ किंवा ग्राफिक कार्डावर लोड आला की गुणगुण ऐकू येते बघ, ते पीसीच्या आतल्या वायरिंगमधून येतं. आधी मागच्या जॅकमध्ये लावून बघ, तो फुकटचा इलाज आहे. नाही गेलं तर साधा छोटा डॅक. आणि पॉइंटला अर्थिंग आहे का तेही तपास, जुन्या घरांत नुसतंच तिसरं भोक असतं, मागे वायरच नसते, मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण आणि हेडफोनमध्ये हम. तिथे महागाचा डॅक काय करणार, इलेक्ट्रिशियनला बोलव.

आता दोघांत कोण. डीटी ९९०ची घडण जर्मन आहे आणि तशीच टिकते, मखमली उशा फार आरामाच्या. पण त्याचा ट्रेबल टोचतो, साधारण ८ किलोहर्ट्झच्या आसपास एक सुळका आहे. गेममध्ये त्याचा फायदा होतो, रीलोडचा क्लिक, काचेवरचं पाऊल सगळं ठळक. मेटलमध्ये मात्र झांजा, म्हणजे ड्रमच्या सिम्बल्स, अर्ध्या तासात कानात खिळे मारायला लागतात, निदान मला तरी. शिवाय केबल गुंडाळीची, जड, आणि कायमची जोडलेली. एचडी ५६०एस जास्त समतोल आहे, केबल निघते, वजन कमी. त्याचा बेस धडकी भरवणारा नाही, ओपन बॅकमध्ये तशी अपेक्षाच करू नये. मी तुझ्या जागी असतो तर ५६०एस घेतला असता आणि विंडोजवर इक्वलायझर एपीओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून खालचा बेस तीन-चार डेसिबल उचलला असता. उचलताना त्यातला प्रीॲम्प (एकूण आवाजाची पातळी) तेवढाच खाली आणायचा, नाहीतर आवाज फाटतो. डीटी ९९० आधीच घेऊन बसला असशील तरी घाबरू नको, त्याच सॉफ्टवेअरमध्ये तो सुळका खाली दाब.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. शास्त्रीय संगीताचा संग्रह आहे, बराचसा जुन्या रेकॉर्डिंग्जचा. घरात जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे, त्याला मोठ्या पिनेचं हेडफोनचं छिद्र आहे. नातू म्हणतो आजोबा माझा गेमिंग हेडसेट वापरा. तो लावला तर डग्गा नुसता घुमतो. — एक श्रोता, मिरज

उत्तर: सर, नमस्कार. मिरज म्हणजे तानपुऱ्याचं गाव, तिथून पत्र आलं आणि त्यात डग्गा घुमतो अशी तक्रार, म्हणजे कान शाबूत आहेत. नातवाच्या हेडसेटमध्ये बेस वाढवलेला असणार, त्यामुळे डग्ग्यावरची मींड न ऐकू येता नुसता घुमारा येतो आणि तानपुऱ्याची जवारी त्याखाली दबते.

तुमचा जुना ॲम्प्लिफायर ही इथे जमेची बाजू आहे. त्या काळच्या बऱ्याच ॲम्प्लिफायरमध्ये हेडफोनचं छिद्र स्पीकरच्याच आउटपुटमधून एक रेझिस्टर मध्ये टाकून काढलेलं असे. तिथे कमी ओहमचा हेडफोन लावला की बऱ्याचदा त्याचा बेस आणखी सुटतो, फुगतो. जास्त ओहमचा हेडफोन मात्र तिथे खुशाल वाजतो. नियम असा की हेडफोनचे ओहम ॲम्पच्या आउटपुटच्या ओहमच्या मानाने जितके जास्त तितकं बरं. म्हणून तुमच्यासाठी ३०० ओहमचे सेनहायझर एचडी ६०० किंवा एचडी ६५०. पहिला १९९७चा, दुसरा २००३चा, अजून बनतात, आणि माणसाचा गळा इतका नैसर्गिक ऐकवणारे हेडफोन फार थोडे आहेत. उशी, केबल, डोक्यावरचा पट्टा सगळं सुटं मिळतं. महाग आहेत हे खरं, तेवढे घालायचे नसतील तर वर ज्याच्याबद्दल लिहिलंय तो एचडी ५६०एस. डीटी ९९०च्या वाटेला जाऊ नका, जुन्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डची खरखर तो भिंगाखाली धरून दाखवेल.

दोन गोष्टी सांभाळा. पिन घालण्याआधी व्हॉल्यूम शून्यावर. आणि जुनी रेकॉर्डिंग्ज मोनो असल्यामुळे आवाज डोक्याच्या मध्यभागीच वाटणार, त्यासाठी आणखी महाग हेडफोन घेऊ नका.

प्रश्न: मुलगा तेरा वर्षांचा. सुट्टीत दिवसभर हेडफोन लावून खेळतो, हाक मारली तर ओ देत नाही. कान बिघडतील का? किती वेळ चालेल? — वैतागलेली आई, डोंबिवली

उत्तर: ताई, ओ देत नाही त्याला कारण फक्त आवाज नसतो, पण तपासायला हवंच. वेळ आणि आवाज दोन्ही एकत्र मोजायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतं, ९० डेसिबल मात्र आठवड्याला फक्त ४ तास. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. लहान मुलांसाठी पातळी आणखी खाली, ७५ धरलेली आहे. म्हणजे तासांवरून भांडण्यापेक्षा व्हॉल्यूमवरून भांडा. त्याने लावलेला असताना हातभर अंतरावरून साध्या आवाजात बोला, त्याला अजिबात कळलं नाही तर बहुतेक आवाज जास्त आहे (हेडफोन नॉइज कॅन्सलिंगचा असेल तर ही परीक्षा चालणार नाही). फोनमध्ये कमाल व्हॉल्यूमला मर्यादा घालता येते, पीसीवर गेमचा मास्टर व्हॉल्यूम कमी करून ठेवा. मुलं आवाज वाढवतात ते बहुतेक वेळा आजूबाजूच्या गोंगाटावर मात करायला, टीव्ही, मिक्सर, रस्ता. कान नीट झाकणारा क्लोज्ड हेडफोन दिला तर तो आपोआप कमीवर ऐकेल. खेळून उठल्यावर कानात शिट्टी वाजते किंवा दडे बसल्यासारखं होतं असं तो म्हणाला तर वाट बघू नका, कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न: नवीन हेडफोन शंभर तास वाजवून ‘बर्न-इन’ करावा लागतो का? आणि हाय-रेझ स्टिकर महत्त्वाचा का? — एस. पी., नागपूर

उत्तर: नाही, आणि नाही. उशी थोडी बसते आणि तुमचा कान त्या आवाजाला सरावतो, लोक त्यालाच बर्न-इन म्हणतात. स्टिकर ४० किलोहर्ट्झपर्यंत वाजण्यासाठी असतो, माणूस तरुणपणी २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि नंतर त्याहून कमी.

प्रश्न: दोन वर्षांत हेडफोनच्या उशांचं काळं रेक्झिन सोलून निघालं, कानाला, मानेला काळे कपटे चिकटतात. आवाज अजून छान आहे. टाकून देऊ का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: मुळीच टाकू नका, उशा बदलतात. तुमच्याकडची दमट हवा आणि घाम त्या कृत्रिम चामड्याला खातातच, सगळ्या ब्रँडचं तेच होतं. तुमच्या मॉडेलचं नाव घालून उशा शोधा, शक्यतो कंपनीच्याच घ्या कारण उशीची जाडी आणि कापड बदललं की आवाज बदलतो. मखमली घेतल्या तर सोलणार नाहीत, घाम कमी येईल, मात्र क्लोज्ड हेडफोनचा बेस थोडा कमी होईल, तो इक्वलायझरमध्ये भरून काढता येतो. काळे कपटे जाळीवर राहिले असतील तर कोरड्या मऊ ब्रशने झाडा, फुंकू नका आणि ओलं फडकं तर लावूच नका. पावसाळ्यात वापरून झालं की लगेच डब्यात कोंबू नका, पंख्याखाली वाळू द्या आणि मग डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, ती बुटांच्या खोक्यातली चालते.